विंडोज अपग्रेड अडकलं किंवा मागे फिरलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या संगणकावर विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाताना, किंवा ११ चीच नवी वार्षिक आवृत्ती चढवताना येणाऱ्या अडचणी इथे एकत्र केल्या आहेत. आज्ञा आणि फोल्डरांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत लिहायची. एरर कोडच्या सुरुवातीचं ‘शून्य-एक्स’ सगळीकडे गाळलं आहे.

प्र. १. रात्री अपग्रेड लावून झोपलो, सकाळी पाहतो तर जुनंच विंडोज. माझे फोटो आणि कागदपत्रं गेली का?

बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. सेटअप नवी प्रणाली जुनीच्या शेजारी मांडतो. जुनी प्रणाली तो ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवतो आणि मध्ये कुठे अडलं की तीच परत जागेवर आणतो. जुनं विंडोज दिसतंय याचा अर्थ माघार नीट पार पडली. सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर उघडून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स डोळ्यांखालून घाला.

पण दुसरा प्रयत्न करण्याआधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. अपग्रेड फसण्यामागे कधी कधी आजारी हार्ड डिस्क असते, आणि अशा डिस्कला प्रत्येक नवा प्रयत्न जड जातो. क्लाउडमध्ये फायली आहेत असं वाटत असेल, तर दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून त्या खरंच उघडतात का ते पाहा.

प्र. २. टक्केवारी एकाच आकड्यावर दोन तास अडकली आहे. बटण दाबून बंद करू का?

आधी डिस्कचा दिवा पाहा. तो लुकलुकत असेल तर हात लावू नका. पडद्यावरचे टक्के वेळेच्या हिशोबात पुढे सरकत नाहीत. हजारो फायली हलवण्याच्या टप्प्यावर आकडा तासभर एका जागी राहू शकतो. फिरत्या हार्ड डिस्कवर अख्खं काम चार-पाच तास चालू शकतं, एसएसडीवर ते बहुधा तासा-दीड तासात उरकतं.

आकडा आणि दिवा दोन्ही तीन तास निश्चल असतील, तरच पुढचं पाऊल टाका. प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, मेमरी कार्ड, गेमिंग कंट्रोलर सगळं काढा. फक्त कीबोर्ड आणि माउस राहू द्या. कधी कधी एवढ्यानेच गाडं पुढे सरकतं. नाहीच सरकलं, तर पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, अर्धा मिनिट थांबा आणि चालू करा. सेटअप एकतर जिथे थांबला तिथून पुढे जाईल किंवा माघार घेईल. माघार सुरू असताना मात्र पुन्हा वीज तोडू नका. संगणक न उठण्याच्या स्थितीला लोक पोचतात ते बहुतेक इथेच. लॅपटॉप असेल तर चार्जर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलेला हवा.

प्र. ३. सी ड्राइव्हवर १२ जीबी मोकळे आहेत. पुरतील का?

नाही. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबीची डिस्क लागते, ही झाली डिस्कची क्षमता. प्रत्यक्ष अपग्रेडसाठी सी ड्राइव्हवर किमान २० जीबी रिकामे ठेवा, ३० असतील तर उत्तम. जागा कमी पडली की ८००७००७० हा कोड येतो.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जा. इथे एक सावधगिरी: त्या यादीत ‘डाउनलोड्स’ फोल्डरही असतं. त्यावर खूण राहिली तर तुमच्या उतरवलेल्या सगळ्या फायली जातात. ती खूण काढूनच पुढे जा. हायबरनेशनची फाइल कित्येक जीबी अडवून बसते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं की ती जाते, आणि अपग्रेडनंतर ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ लिहून परत आणता येते. मोठे व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा. प्रोग्रॅम फाइल्समधली फोल्डरं हाताने डिलीट करू नका. ते प्रोग्रॅम सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा.

प्र. ४. पडद्यावर कोड आला आहे. त्यावरून काय कळतं?

खूप काही कळतं, म्हणून ‘क्लोज’ दाबण्याआधी त्याचा फोटो काढा. कोड न पाहता पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं म्हणजे दर वेळी दोन तास खर्चून त्याच जागी येणं.

नेहमी दिसणारे कोड असे. सी१९००१०१ म्हणजे ड्रायव्हरची, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, अडचण (प्र. ५). सी१९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीशी जुळत नाही. बहुधा जुना अँटिव्हायरस, एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम किंवा आभासी डिस्क दाखवणारं साधन. सी१९००२०० किंवा सी१९००२०२ आला तर संगणक किमान अटींत बसत नाही (प्र. ७). ८००७००२० आला तर सेटअपला हवी असलेली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवली आहे. ८०२०००५६ म्हणजे मध्येच संगणक रीस्टार्ट झाला किंवा कुणी साइन आउट केलं. पुन्हा सुरू करायचं, एवढंच. ८००७२एफ८एफ दिसला तर आधी घड्याळ पाहा: तारीख चुकीची असेल तर सुरक्षित जोडणीच होत नाही. तारीख रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक सीआर२०३२ असतो.

८००एफ०९२२ हा कोड दोन वेगळ्या कारणांनी येतो. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पाहा. तरी आला तर प्र. ८.

कधी दोन कोड जोडून येतात, उदाहरणार्थ सी१९००१०१ - २००१७. दुसऱ्या कोडचा पहिला अंक टप्पा सांगतो. २ म्हणजे पहिल्या रीस्टार्टनंतर, सेटअप आपल्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीतून काम करत असताना. ३ म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा उठताना, ४ म्हणजे दुसऱ्यांदा उठताना. दोन वर अडलं तर बायॉस (विंडोजच्या आधी उठणारी, मदरबोर्डवरची मूळ प्रणाली), डिस्क कंट्रोलर, जोडलेली उपकरणं यांच्याकडे पाहा. तीन किंवा चार वर अडलं तर डिस्प्ले, वायफाय, ध्वनी यांचे ड्रायव्हर आणि अँटिव्हायरस आधी तपासा.

प्र. ५. सी१९००१०१ आला आहे. नेमका कुठला ड्रायव्हर हे कसं शोधायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सोप्या गोष्टीपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक पायरीनंतर अपग्रेड पुन्हा लावून पाहायची गरज नाही. पहिल्या चार पायऱ्या एकत्रच करा.

१. प्र. २ मधली सगळी बाहेरची उपकरणं काढा. ब्लूटूथचा यूएसबी तुकडासुद्धा.

२. विंडोजसोबत न आलेला अँटिव्हायरस पूर्ण अनइन्स्टॉल करा. नुसता ‘डिसेबल’ करून चालत नाही, कारण त्याचे फिल्टर ड्रायव्हर तरीही विंडोजसोबत उठतात. तेवढ्या वेळापुरतं विंडोज डिफेंडर आपोआप काम सांभाळतं.

३. लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या उत्पादकाच्या साइटवरून बायॉस, चिपसेट आणि स्टोरेजचे ड्रायव्हर त्याच मॉडेलचे घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून फुकट मिळणारे प्रोग्रॅम नकोत. जवळपास जुळणारा पण चुकीचा ड्रायव्हर टाकून ते दुखणं वाढवतात.

४. प्रोसेसर किंवा रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल तर बायॉसमध्ये मूळ सेटिंग करा.

५. तरीही अडलं तर क्लीन बूट, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमच्या सेवा बंद ठेवून विंडोज सुरू करणं. ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, सर्व्हिसेसमध्ये आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करा, मगच ‘डिसेबल ऑल’. हा क्रम उलटा झाला तर मायक्रोसॉफ्टच्या सेवाही बंद होतात आणि नवीन घोळ उभा राहतो.

एवढं करूनही तोच कोड आला तर अंदाज पुरे, लॉग, म्हणजे सेटअपने ठेवलेली कामाची नोंद, वाचा (प्र. ६).

प्र. ६. लॉग फाइल कुठे असते? त्यातलं मला काही कळेल का?

सी ड्राइव्हवर ‘$विंडोज.~बीटी’ हे लपवलेलं फोल्डर असतं. त्यातल्या ‘सोर्सेस’मध्ये ‘पँथर’ आणि, माघार झाली असेल तर, ‘रोलबॅक’. ‘सेटअपॲक्ट.लॉग’ प्रचंड असतो. ‘सेटअपएरर’ हा छोटा. छोटा नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटाकडून वर वाचत या. त्यातल्या सगळ्याच ओळी गंभीर नसतात. माघारीच्या वेळेच्या जवळची ओळ शोधा. ‘.सिस’ किंवा ‘.आयएनएफ’ने संपणारं नाव दिसलं की ते बहुधा तुमच्या ड्रायव्हरचं.

याहून सोपं म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ‘सेटअपडायग’. ते हेच लॉग वाचून कोणत्या ज्ञात कारणाशी जुळतं ते एका अहवालात लिहून देतं. डिस्क क्लीनअप करण्याआधी ते चालवा. क्लीनअपमध्ये हे फोल्डरच पुसलं जातं.

प्र. ७. ‘हा संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करत नाही’ असं येतं. संगणक तर चांगला चालतो!

चांगला चालणं आणि अटीत बसणं वेगळं. लागतं ते असं: ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय), टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप किंवा तशी सोय), आणि मान्य यादीतला प्रोसेसर. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीचे रायझन २००० किंवा पुढचे. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नेमकी कुठली अट अडते ते सांगतं.

टीपीएम अडत असेल तर आशा आहे. पुष्कळ संगणकांत ते असतं, पण बायॉसमध्ये बंद ठेवलेलं. इंटेलवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने शोधा. चालू केल्यावर ‘टीपीएम.एमएससी’ उघडून आवृत्ती २.० दिसते का पाहा. बायॉसला हात लावण्याआधी प्र. १२ नक्की वाचा.

‘एमएसइन्फो३२’मध्ये बायॉस मोडपुढे ‘लेगसी’ लिहिलेलं असेल तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची आहे. यूईएफआयला जीपीटी ही नवी पद्धत लागते. नुसतं बायॉसमध्ये यूईएफआय केलं तर संगणक सुरूच होणार नाही. आधी ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस’ ही आज्ञा द्या. तपासणी पार पडली तर ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’. मग बायॉसमध्ये यूईएफआय निवडून सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर तपासणीच नापास होते.

प्रोसेसरच यादीत नसेल तर त्यावर बायॉसचा उपाय नाही. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जची नोंदवही) अट टाळण्याच्या वाटा आहेत, पण अशा संगणकाला पुढची अपडेट्स मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून तर एसएसई ४.२ (प्रोसेसरच्या आज्ञांचा एक संच) नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ उठतच नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्यावरच राहून इंटरनेट बँकिंग करत राहणं आम्ही सुचवणार नाही.

प्र. ८. ‘सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ म्हणजे काय? सी ड्राइव्हवर तर १०० जीबी मोकळे आहेत.

ही जागा सी ड्राइव्हची नाही. संगणक सुरू करणाऱ्या फायलींसाठी एक छोटं, सहसा १०० एमबीचं लपलेलं पार्टिशन असतं. त्यात १५ एमबीही रिकामे नसतील तर अपग्रेड अडतं. काही उत्पादक बायॉसच्या जुन्या प्रती इथेच ठेवतात, त्याने ते भरतं.

जीपीटी डिस्कवर उपाय असा. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ‘माउंटव्हॉल वाय: /एस’ द्या. मग ‘वाय:’ लिहून एंटर करा, आणि तिथल्या ‘ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फाँट्स’मध्ये जाऊन फक्त त्या फोल्डरातल्या फाँटच्या फायली डिलीट करा. सुरुवातीच्या पडद्यावरच्या भाषांचे हे फाँट असतात. ते गेले तरी संगणक उठतो. याच पार्टिशनमधल्या दुसऱ्या कुठल्याही फाइलला हात लावू नका. शेवटी ‘माउंटव्हॉल वाय: /डी’ देऊन तात्पुरतं अक्षर काढून टाका.

प्र. ९. विंडोज अपडेटमधून उतरवताना दर वेळी तिथेच फेल होतं. काय करावं?

दोन गोष्टी बिघडलेल्या असू शकतात: उतरवलेल्या फायली किंवा चालू विंडोजच्या स्वतःच्या फायली.

पहिल्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट स्टॉप डब्ल्यूयूएयूसर्व्ह’ आणि ‘नेट स्टॉप बिट्स’ द्या. मग सी ड्राइव्हच्या ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’चं नाव बदलून शेवटी ‘.ओल्ड’ जोडा आणि संगणक रीस्टार्ट करा. विंडोज ते फोल्डर नव्याने बनवतं.

दुसऱ्यासाठी आधी ‘डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ आणि ते संपल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’. क्रम महत्त्वाचा आहे. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेतं तो साठा डिस्म दुरुस्त करतं. डिस्म मध्येच एका आकड्यावर बराच वेळ थांबतं, तो बिघाड नव्हे. डिस्कची शंका असेल तर ‘सीएचकेडीएसके सी: /स्कॅन’ चालवा.

प्र. १०. पेनड्राइव्हवरून अपग्रेड केलं तर ‘फायली आणि प्रोग्रॅम ठेवा’ हा पर्यायच येत नाही. का?

कारण तुम्ही संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केलात. प्रोग्रॅम ठेवून अपग्रेड करायचं तर नेहमीच्या विंडोजमध्ये लॉगिन करून, पेनड्राइव्ह उघडून त्यातलं ‘सेटअप’ चालवायचं. तसं करूनही पर्याय फिकट दिसत असेल तर भाषा जुळत नाही (विंडोज इंग्रजीच्या दोन प्रकारांनाही वेगळं मानतं: अमेरिकन आणि इंटरनॅशनल), होम-प्रो असा फरक आहे, किंवा पेनड्राइव्हवरची आवृत्ती चालू आवृत्तीपेक्षा जुनी आहे. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो, आणि बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं.

प्र. ११. माघारही पूर्ण झाली नाही. संगणक सुरूच होत नाही.

सुरू होताना निर्मात्याचं चिन्ह दिसलं की पॉवर दाबून बंद करा. असं सलग दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तो येत नसेल तर दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह बनवून त्यावरून सुरू करा आणि ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ निवडा. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’.

या क्रमाने जा: स्टार्टअप रिपेअर, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’, मग सिस्टिम रिस्टोअर. स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोड उघडला तर लगेच बॅकअप घ्या आणि नुकताच टाकलेला ड्रायव्हर काढा. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं दिसलं तर बायॉसमध्ये डिस्कची पद्धत बदलली आहे का ते पाहा: एएचसीआय, रेड किंवा व्हीएमडी. बायॉस अपडेट केल्यावर ती कधी कधी मूळ पदाला जाते. आधी जी होती तीच परत लावा.

‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय शेवटचा. ‘फायली ठेवा’ निवडलं तरी प्रोग्रॅम जातात.

प्र. १२. निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागतोय. मी तर कधी पासवर्ड लावला नव्हता!

ही बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. बायॉस, टीपीएम किंवा सिक्युअर बूट बदललं की संगणक खात्रीसाठी की मागतो. फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि उपकरणांच्या पानावर रिकव्हरी की पाहा. एकापेक्षा जास्त असतील तर पडद्यावरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं जुळवा. की सापडली नाही तर त्या डिस्कवरचा मजकूर परत मिळवण्याचा मार्ग नाही, दुरुस्तीवाल्याकडेही नाही.

म्हणून बायॉसला हात लावण्याआधी की कागदावर लिहून घ्या आणि ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी:’ देऊन संरक्षण थांबवा. बायॉसमध्ये ‘क्लिअर टीपीएम’ दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्र. १३. एकाच संगणकावर लिनक्सही आहे. काही वेगळं करावं लागेल?

हो. अपग्रेडमध्ये संगणक दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होतो आणि दर वेळी विंडोजच उठायला हवं. बूटच्या यादीत लिनक्स पहिलं असेल तर सेटअप मध्येच तुटतो. तेवढ्यापुरता बायॉसमध्ये विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर आणा. नंतर लिनक्सचा मेन्यू दिसेनासा झाला तरी लिनक्स सहसा शाबूत असतं. क्रम परत बदलला की मेन्यू येतो.

प्र. १४. घरात तिघांची खाती आहेत, एक जुनं खातं काढून टाकलं होतं. त्याचा संबंध असू शकतो का?

असू शकतो. ‘यूजर्स’मधलं फोल्डर हाताने डिलीट केलं तर रजिस्ट्रीत त्या खात्याची नोंद राहते, आणि फायली हलवण्याच्या टप्प्यावर सेटअप ते फोल्डर शोधत अडतो. ‘सिस्डीएम.सीपीएल’ उघडून ॲडव्हान्स्ड, यूजर प्रोफाइल्समध्ये जा. ‘अकाउंट अननोन’ अशी ओळ दिसली तर ती तिथूनच काढा. अख्खं ‘यूजर्स’ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेलं असेल तर अपग्रेडआधी ते सी ड्राइव्हवर परत आणा.

प्र. १५. संगणक सगळ्या अटींत बसतो, तरी अपग्रेड दिसतच नाही.

एखाद्या ड्रायव्हरची किंवा प्रोग्रॅमची ज्ञात अडचण असेल तर मायक्रोसॉफ्ट तशा संगणकांसाठी अपग्रेड मुद्दाम रोखून धरतं. पेनड्राइव्हवरून ते जबरदस्तीने चढवू नका, कारण मग तीच अडचण तुमच्या वाट्याला येते. ड्रायव्हर अपडेट करा आणि थांबा.

प्र. १६. अपग्रेड झालं, पण आवाज नाही आणि संगणक मंद आहे. मागे जाता येईल का?

१० दिवसांच्या आत. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’. मुदत संपली की ‘विंडोज.ओल्ड’ आपोआप पुसलं जातं. वेळ हवा असेल तर त्या १० दिवसांतच ‘डिस्म /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०’ द्या. मुदत ६० दिवसांची होते. ‘विंडोज.ओल्ड’ स्वतः डिलीट केलं असेल तर हा मार्ग बंद.

मंदपणासाठी घाई करू नका. पहिले एक-दोन दिवस मागे शोधसूची नव्याने बनत असते. आवाज किंवा वायफाय नसेल तर उत्पादकाच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकून पाहा.

प्र. १७. सगळं करून झालं. आता सरळ नवीन विंडोज टाकू का?

प्र. ५, ८ आणि ९ मधलं सगळं करूनही तोच कोड त्याच टप्प्यावर दोनदा आला, तर हो. आधी डिस्क तपासा: पॉवरशेलमध्ये ‘गेट-फिजिकलडिस्क’ द्या, ‘हेल्दी’ सोडून दुसरं काही दिसलं तर आधी नवी डिस्क. रॅमसाठी ‘एमडीशेड’ चालवा.

लायसन्सची चिंता नको. मूळ विंडोज रीतसर ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर डिजिटल लायसन्स त्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडून पूर्वीचीच होम किंवा प्रो आवृत्ती घ्या. वायफायचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा. काही इंटेल लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही. डिस्क मेलेली नसते, व्हीएमडीचा ड्रायव्हर नसतो. उत्पादकाच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर उघडून ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवा, डिस्क यादीत येते.